शंभर टक्के! पण कितीपैकी?

ऑफिसात दरवर्षी आपलं अप्रेझल होतं आणि आपण कुरकुरतो. पण अख्ख्या शाळेचंच अप्रेझल झालं तर? आणि रेटिंग खराब आलं तर शाळेलाच टाळं लागणार असेल तर? कॅलिफोर्नियातल्या छोट्या चार्टर शाळांच्या बाबतीत हे खरंच घडतं. त्यांच्या प्रगतिपुस्तकात डोकावताना मला माझ्याच शाळेच्या गेटवरचा फलक आठवला...

एप्रिल उजाडला की माझ्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकच रडगाणं सुरू होतं. ‘पाचपैकी तीन दिले यार!’, ‘बेल कर्व्हमध्ये बसवलं मला’, ‘बॉसला वर्षभरातलं काहीच आठवत नाही, फक्त मार्चमधली चूक आठवते.’ हिंजवडीपासून बीकेसीपर्यंत सगळ्यांची कहाणी सेम. मी फ्रीलान्सर असल्यामुळे या सुखाला मुकले आहे. लेख छापून आला आणि पैसे खात्यात जमा झाले की मी समजते, झालं माझं अप्रेझल!

त्यामुळे सान होजेला राहणारी माझी मावसबहीण फोनवर म्हणाली, ‘‘अगं, तू येतेयस त्याच आठवड्यात आमच्या शाळेचं अप्रेझल आहे. बघायला येशील का?’’ तेव्हा मी आधी हसलेच.

‘‘शाळेचं अप्रेझल? म्हणजे आपल्याकडे इन्स्पेक्टर यायचे आणि बाई आदल्या दिवशी फळ्याभोवती नक्षी काढून घ्यायच्या, तसं?’’

‘‘नक्षीबिक्षी काही नाही. नापास झाली तर शाळा बंद,’’ ताई शांतपणे म्हणाली. माझं हसू तिथंच थांबलं.

ताई सॉफ्टवेअरमध्ये आहे. आठवडाभर कोड आणि कॉल्स. पण शनिवारी सकाळी ती घराजवळच्या एका छोट्या चार्टर शाळेत जाते आणि अकरावी-बारावीच्या मुलांना कॉलेजचे अर्ज भरायला मदत करते. शाळेचं नाव मी मुद्दाम देत नाहीये. तिथली मुलं अल्पवयीन आहेत आणि हा लेख काही त्या एका शाळेवर नाही. एवढंच सांगते की बहुतेक मुलांचे आईवडील मेक्सिकोतून आलेले आहेत. कुणी ऑफिसं साफ करतं, कुणी बांधकामावर आहे, कुणी हॉटेलच्या किचनमध्ये. गुगल आणि अॅपलच्या इमारती तिथून तासाभराच्या आत आहेत, पण या घरांमधून कॉलेजात जाणारं पहिलं माणूस म्हणजे हे मूलच.

फी नाही, पण मुदत आहे

आधी बेसिक गोष्ट. चार्टर शाळा म्हणजे खासगी शाळा नव्हे. पैसा सरकारचा, फी शून्य, प्रवेश परीक्षा नाही. जागांपेक्षा जास्त अर्ज आले तर सरळ चिठ्ठ्या टाकायच्या. फरक इतकाच की शाळा कशी चालवायची हे शाळा ठरवते. तास किती लांब ठेवायचा, शिक्षक कोण नेमायचे, दिवस किती वाजता संपवायचा, यात तिला बरीच मोकळीक असते. बदल्यात तिला एक सनद मिळते, म्हणजेच चार्टर. आम्ही मुलांना अमुक शिकवू, तमुक निकाल दाखवू, असा हा लेखी करार. आणि या कराराला मुदत असते.

मिनेसोटा राज्याने १९९१ मध्ये असा पहिला कायदा केला. पुढच्याच वर्षी सेंट पॉल शहरात ‘सिटी अॅकॅडमी’ नावाची पहिली चार्टर शाळा उघडली. कॅलिफोर्नियाने १९९२ मध्ये कायदा केला. आज अमेरिकेत अशा सुमारे ८ हजार शाळा आहेत आणि त्यात ३५ लाखांहून जास्त मुलं शिकतात. त्यातल्या बऱ्याच शाळा स्वतःला ‘कॉलेज प्रेप’ म्हणवतात. म्हणजे आमचं मूल नुसतं शाळा पास होणार नाही, तर कॉलेजसाठी तयार होऊन बाहेर पडेल, हे त्यांचं वचन.

आता तुम्ही म्हणाल, शाळा पास होणं आणि कॉलेजला तयार होणं यात फरक काय? कॅलिफोर्नियात चांगलाच फरक आहे. तिथल्या सरकारी विद्यापीठांना अर्ज करायचा तर ‘ए ते जी’ अशा सात गटांतले मिळून १५ विषय घ्यावे लागतात. प्रत्येक विषय वर्षभराचा आणि प्रत्येकात किमान ‘सी’ ग्रेड हवी. शाळा पास व्हायला मात्र राज्याची अट यापेक्षा हलकी आहे. त्यामुळे एखादा मुलगा थाटात पदवीचा झगा घालून, टोपी हवेत उडवून शाळेतून बाहेर पडतो आणि नंतर त्याला कळतं की विद्यापीठाला अर्ज करण्याइतके विषयच आपण घेतले नव्हते! घरात आधी कुणी कॉलेजात गेलेलं नसेल तर हे त्याला वेळेत सांगणार कोण? ताईच्या शाळेसारख्या शाळा म्हणूनच हे १५ विषय सगळ्यांना सक्तीचे करतात.

रंगीत प्रगतिपुस्तक

सान होजेला पोहोचल्यावर जेटलॅगने झोप उडालीच होती. मग ताईने दिलेले कागद घेऊन मी तिच्या किचन टेबलावर बसले. पहाटेचे चार, हातात आल्याचा चहा आणि समोर शाळेचं प्रगतिपुस्तक.

कॅलिफोर्नियात प्रत्येक सरकारी शाळेला दरवर्षी १ फेब्रुवारीपर्यंत आपला जबाबदारी अहवाल जाहीर करावा लागतो. १९८८ मध्ये लोकांनी मतदान करून मंजूर केलेल्या ‘प्रपोझिशन ९८’ मधून ही सक्ती आली. चार्टर शाळांचे निकालही असेच उघड्यावर असतात. यात काय नसतं! किती शिक्षकांकडे योग्य परवाना आहे, पुस्तकं प्रत्येक मुलाला मिळाली का, किती मुलं शाळा सोडून गेली, किती जणांना शिक्षा म्हणून घरी पाठवलं, एका मुलावर किती डॉलर खर्च झाले. इमारतीची अवस्थासुद्धा त्यात येते. आपल्याकडे पालक शाळेतल्या स्वच्छतागृहाबद्दल गेटवर कुजबुजतात, इथे त्याची नोंद अहवालात!

याच्या जोडीला राज्याचा रंगीत तक्ता. पाच रंग आहेत. लाल सगळ्यात वाईट, मग नारिंगी, पिवळा, हिरवा आणि सगळ्यात वर निळा. भाषा, गणित, शाळा पूर्ण करणाऱ्यांचं प्रमाण, कॉलेज-करिअरची तयारी, शिक्षा, या प्रत्येकाला वेगळा रंग. यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे रंग फक्त आजच्या आकड्यावर ठरत नाही. गेल्या वर्षीपेक्षा सुधारणा झाली की घसरण, हेही त्यात मोजतात.

आधी असं नव्हतं. १९९९ च्या कायद्याने कॅलिफोर्नियातल्या प्रत्येक शाळेला २०० ते १००० मध्ये एकच आकडा चिकटवला होता आणि ८०० हे टार्गेट होतं. घरांचे दलालसुद्धा जाहिरातीत तो आकडा टाकायचे. दुसरीकडे वॉशिंग्टनने २००२ मध्ये ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायदा आणला आणि २०१४ पर्यंत देशातली १०० टक्के मुलं भाषा-गणितात पारंगत झालीच पाहिजेत असं फर्मान काढलं. शंभर टक्के! सेल्समध्ये काम करणाऱ्या मंडळींना असं टार्गेट ओळखीचं वाटेल. ते गाठलं गेलं नाही हे सांगायला नकोच. कॅलिफोर्नियाचा तो एकच एक आकडा २०१३ नंतर बंद झाला, २०१५ च्या अखेरीस राष्ट्रीय कायदाही बदलला आणि २०१७ पासून हे रंग आले.

पन्नासातला एक

ताई उठून आली तोवर मी वहीत गोळाबेरीज करत बसले होते. मला एक गोष्ट खटकत होती. शाळेचा एक आकडा एका वर्षी वर, दुसऱ्या वर्षी धाडकन खाली, तिसऱ्या वर्षी परत वर. ‘‘तिथे काय झालं होतं गं? कुणी चांगले सर सोडून गेले का?’’

‘‘काही नाही झालं,’’ ताई म्हणाली. ‘‘शाळा छोटी आहे, एवढंच. भागाकार कर ना.’’

केला. बारावीला ५० मुलं असतील तर एक मूल म्हणजे २ टक्के. एकाचे वडील आजारी पडले आणि तो कामाला लागला, एकीचं कुटुंब भाडं परवडेना म्हणून शहर सोडून गेलं, एकजण परीक्षेच्या आठवड्यात तापाने फणफणला. झाले ६ टक्के! पाचशेच्या बॅचमध्ये हेच तिघं कुणाच्या लक्षातही आले नसते.

टॉमस केन आणि डग्लस स्टायगर या अर्थतज्ज्ञांनी २००२ मध्येच हे दाखवून दिलं होतं. छोट्या शाळांचे निकाल दरवर्षी इतके वरखाली होतात की उत्तम शाळांच्या यादीतही त्या जास्त दिसतात आणि तळाच्या यादीतही! त्यामुळे एका वर्षाचा आकडा बघून बक्षीस देणं किंवा फाशी देणं, दोन्ही चूक. तीन-चार वर्षं एकत्र बघायची. राज्यालाही हे माहीत आहे, म्हणून ज्या गटात ३० पेक्षा कमी मुलं असतात त्याला सहसा रंगच देत नाहीत. आणि ११ पेक्षा कमी असतील तर आकडाच छापत नाहीत, कारण मग कोणत्या मुलाचा तो निकाल आहे हे गल्लीत सगळ्यांना कळेल.

पण याची दुसरी बाजूही आहे. छोट्या शाळेत लपायला जागा कमी. पन्नासातला एक गळला तर तो कोण, हे मुख्याध्यापिकेपासून शिपायापर्यंत सगळ्यांना नावानिशी ठाऊक असतं.

दोन मिनिटांचा माइक

मंगळवारी संध्याकाळी आम्ही स्कूल डिस्ट्रिक्टच्या सभागृहात गेलो. समोर निवडून आलेलं बोर्ड, त्यांच्या पाट्या, पाण्याच्या बाटल्या. इकडे खुर्च्यांवर शाळेचे टीशर्ट घातलेली मुलं आणि कामावरून थेट आलेले पालक. एका वडिलांच्या बुटांवर अजून सिमेंट होतं. स्पॅनिश भाषांतर ऐकायला हेडफोन वाटत होते. प्रत्येकाला बोलायला दोन मिनिटं. समोर घड्याळ उलटं धावतं आणि वेळ संपली की बीप.

नियम काय आहे? कॅलिफोर्नियाने २०१९ मध्ये चार्टर कायदा कडक केला. आता नूतनीकरणाच्या वेळी राज्याच्या आकड्यांवरून शाळा तीन गटांत पडतात. वरच्या गटाला ५ ते ७ वर्षं मिळू शकतात. मधल्या गटाला ५ वर्षं, पण आधी बारकाईने तपासणी. खालच्या गटाचा अर्ज सहसा फेटाळायचा. सुधारणेसाठी ठोस पावलं उचलल्याचं आणि त्याचा परिणाम दिसत असल्याचं सिद्ध केलं तरच २ वर्षांची शेवटची संधी. कोविडमुळे राज्याने अनेक सनदांच्या मुदती लांबवल्या होत्या, त्यामुळे ताईच्या शाळेची पाळी आत्ता आली होती. ती मधल्या गटात होती.

शाळेच्या बाजूने बोलणारे होते तसे विरोधातलेही होते. नेहमीच्या सरकारी शाळेतल्या एका शिक्षिकेने शांतपणे हिशोब मांडला. मुलांमागे पैसा जातो. शंभर मुलं चार्टरला गेली की आमच्या शाळेचा पैसा जातो, पण छत तेच, बस तीच, लायब्ररी तीच. शिवाय अख्ख्या भागात मुलांची संख्याच कमी होतेय. मला तिचं म्हणणं अजिबात चुकीचं वाटलं नाही.

मग बारावीतली एक मुलगी उठली. तिने आकडे सांगितले नाहीत. नववीत येताना आपल्याला अपूर्णांक जमत नव्हते आणि आता आपण कॅल्क्युलस करतोय, एवढंच सांगितलं. आणि मग बोर्डाला विचारलं की शाळा बंद झाली तर माझा भाऊ नववीतून कुठे जाईल? बीप वाजला. ती जागेवर जाऊन बसली.

तेव्हा मला जाणवलं की ऑफिसातलं रेटिंग आणि हे यात फरक आहे. ऑफिसात वाईट रेटिंग ज्याचं, शिक्षा त्याला. इथे रेटिंग शाळेचं आणि दप्तर उचलून दुसरीकडे जाणार मूल. म्हणून आकडा खरा असणं जास्त महत्त्वाचं. आणि नेमकी तिथेच मेख आहे.

शंभराची जादू

अमेरिकेत कॉलेज प्रेप शाळांचा लाडका आकडा म्हणजे शंभर. ‘आमच्या १०० टक्के मुलांना कॉलेजात प्रवेश!’ फलक, टीशर्ट, टीव्हीवर मुलाखती.

वॉशिंग्टनमधल्या बॅलू हायस्कूलचंच घ्या. ही चार्टर नव्हे, नेहमीची सरकारी शाळा. २०१७ मध्ये तिथून पास झालेल्या सगळ्याच्या सगळ्या १६४ मुलांना कॉलेजात प्रवेश मिळाला म्हणून देशभर कौतुक झालं. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एनपीआर आणि डब्ल्यूएएमयू या रेडिओच्या पत्रकारांनी हजेरीपटं तपासली. निम्म्या मुलांनी वर्षात तीन महिन्यांहून जास्त दांड्या मारल्या होत्या! मग शहराची अधिकृत चौकशी झाली. २०१८ च्या जानेवारीत निष्कर्ष आला की २०१७ मध्ये शहरातल्या सरकारी शाळांमधून पास झालेल्या दर तिघांपैकी एकाला नियम वाकवून प्रमाणपत्र दिलं होतं. टार्गेटचा दबाव होता, टार्गेट पूर्ण झालं. फक्त मुलं शिकली की नाही, हे कुणी विचारलं नव्हतं.

दुसरं उदाहरण चार्टरचंच. न्यूयॉर्कची ‘सक्सेस अॅकॅडमी’ ही परीक्षांच्या निकालांसाठी गाजलेली साखळी. २०१८ मध्ये त्यांची पहिली बारावीची बॅच बाहेर पडली आणि सगळ्यांना कॉलेज मिळालं. शंभर टक्के. मुलं किती? १६. आणि २००६ मध्ये पहिलीत किती होती? ७३. इथे खोटं काहीच नाही. बारा वर्षांत लोक घरं बदलतात, शहरं सोडतात, काहींना शाळेची कडक शिस्त मानवत नाही. पण ‘१६ पैकी १६’ आणि ‘७३ पैकी १६’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत.

हे वाचताना माझ्या पोटात खड्डा पडला, कारण मी स्वतः अशाच एका शंभर टक्क्यातली आहे.

आमच्या शाळेच्या गेटवर दरवर्षी जूनमध्ये फ्लेक्स लागायचा. ‘दहावीचा निकाल १००%’. माझ्या वर्षीही लागला. पण आठवीपर्यंत माझ्या बाकावर बसणारी माझी मैत्रीण त्यात नव्हती. तिचं गणित कच्चं होतं. नववीत तिला नापास केलं आणि आईवडिलांना बोलावून सांगितलं की तिला बाहेरून बसवा, १७ नंबरचा फॉर्म भरा. आपल्यातल्या कित्येकांना हा फॉर्म माहीत असेल. शाळा सुटलेल्यांना दहावी देता यावी म्हणून बोर्डाने केलेली ही चांगली सोय. पण काही शाळा तिचा उपयोग निकाल गाळून घेण्याच्या चाळणीसारखा करतात. मैत्रीण चाळणीत अडकली, आम्ही खाली पडलो आणि शाळेचा फ्लेक्स झळकला. पेढे मीही खाल्ले होते.

३३

आणि आता ज्या आकड्यामुळे मला हा लेख लिहावासा वाटला तो आकडा.

‘किप’ ही अमेरिकेतली चार्टर शाळांची सगळ्यात नावाजलेली साखळी. पूर्ण नाव ‘नॉलेज इज पॉवर प्रोग्रॅम’. माइक फाइनबर्ग आणि डेव्ह लेविन या दोन तरुण शिक्षकांनी १९९४ मध्ये ह्यूस्टनला सुरू केली. तेव्हा दोघंही पंचविशीच्या आसपास, म्हणजे तुमच्याआमच्यासारखेच. पुढे वर्तमानपत्रांनी, टीव्हीने डोक्यावर घेतलं. कॉलेज प्रवेशाचे झकास आकडे त्यांच्याकडेही होतेच.

२०११ मध्ये त्यांनी एक अहवाल काढला आणि त्यात वेगळाच प्रश्न विचारला. प्रवेश किती जणांना मिळाला, हे नाही. पदवी किती जणांनी पूर्ण केली? आणि हिशोब बारावीपासून नाही धरला. त्यांच्या सुरुवातीच्या शाळांमधून दहा किंवा जास्त वर्षांपूर्वी आठवी पूर्ण केलेलं प्रत्येक मूल मोजलं. मधे गळालेलं, दुसऱ्या शाळेत गेलेलं, कॉलेज अर्धवट सोडलेलं, सगळी.

उत्तर आलं ३३ टक्के.

म्हणजे आठवी पूर्ण केलेल्या तिघांपैकी दोघांकडे चार वर्षांची पदवी नव्हती. देशातल्या गरीब घरांतल्या मुलांमध्ये हे प्रमाण तेव्हा ८ टक्क्यांच्या आसपास होतं आणि सगळी तरुण मंडळी धरली तर ३१ टक्क्यांच्या आसपास. त्या मानाने ३३ हे मोठंच यश. पण श्रीमंत घरांतल्या मुलांची बरोबरी करायची, म्हणजे ७५ टक्क्यांपर्यंत जायचं, असं ‘किप’नेच ठरवलेलं होतं. त्यांनी अर्ध्याहून खालचा आकडा स्वतःच छापला.

आणि तो छापल्यामुळे पुढचा प्रश्न विचारता आला की मुलं गळतात कुठे? कारणं ऐकली तर चाट पडाल. प्रवेश मिळालेला असतो, पण उन्हाळ्याच्या सुट्टीत आर्थिक मदतीचा एखादा फॉर्म राहतो. कॉलेजच्या आरोग्य विम्याचं बिल येतं आणि आपला विमा आधीच आहे असं कळवलं की ते माफ होतं, हे घरी कुणाला माहीत नसतं. डिपॉझिटची तारीख उलटते. अभ्यासकांनी याला नाव दिलंय ‘समर मेल्ट’, म्हणजे उन्हाळ्यात वितळून जाणं. दर शंभर प्रवेशांमागे १० ते ४० मुलं अशी वितळतात आणि गरीब घरांमध्ये प्रमाण जास्त. बुद्धीचा इथे संबंधच नाही.

मग शाळांनी काम वाढवलं. बारावीनंतरही मुलांचा पाठपुरावा करणारे समुपदेशक नेमले. २०२३ मध्ये मॅथेमॅटिका या संशोधन संस्थेने ‘किप’च्या मुलांची तुलना चिठ्ठी न लागलेल्या तशाच मुलांशी केली. माध्यमिक आणि हायस्कूल दोन्ही ‘किप’मध्ये केलेल्यांमध्ये पदवी पूर्ण करण्याचं प्रमाण जवळपास दुप्पट निघालं. फक्त माध्यमिक शाळा तिथे केलेल्यांना मात्र तेवढा फायदा दिसला नाही. म्हणजे चांगली सुरुवात पुरत नाही, साथ लांबपर्यंत द्यावी लागते.

शनिवारी मी ताईबरोबर शाळेत गेले तेव्हा हीच साथ प्रत्यक्षात पाहिली. लायब्ररीच्या कोपऱ्यात ती आणि शाळेचा एक समुपदेशक माजी विद्यार्थ्यांना फोन लावत बसले होते. प्रश्न साधे. पुढच्या सत्राची नोंदणी केलीस का? फॉर्म भरला? राहायला जागा मिळाली? समोर लॅपटॉपवर यादी. कॉलेजात आहे, काम करतो, सैन्यात गेली, कॉलेज सोडलं. आणि शेवटचा रकाना, ‘सापडला नाही’. त्यातही नावं होती. ती पुसलेली नव्हती.

‘‘हा रकाना राज्याला दाखवावा लागतो का?’’ मी विचारलं.

‘‘नाही गं,’’ ताई पुढचा नंबर लावत म्हणाली. ‘‘पण आपल्याला माहीत नको?’’

चौकट : शाळेचा निकाल असा वाचा

तुमच्यापैकी काहींची मुलं लवकरच शाळेत जातील. काहीजण परदेशात शाळा शोधत असतील. कोणत्याही शाळेचा चकचकीत आकडा समोर आला की हे पाच प्रश्न विचारा.

१. कितीपैकी? बारावीत किती मुलं आहेत हे नको, चार वर्षांपूर्वी नववीत किती होती ते विचारा.

२. सोडून गेलेली मुलं कुठे गेली? आणि त्यांच्या जागी नवी मुलं घेतली का?

३. एका वर्षाचा आकडा की तीन वर्षांचा? शाळा छोटी असेल तर एका वर्षावर अजिबात जाऊ नका.

४. प्रवेश मिळाला की शिक्षण पूर्ण झालं? दोन्हींत अनेक वर्षांचं अंतर आहे.

५. शाळेने स्वतःहून सांगितलेली एखादी वाईट गोष्ट आहे का? नसेल तर अहवाल नव्हे, जाहिरात वाचताय.

परत आल्यावर

महिनाभराने ताईचा मेसेज आला. ‘पाच वर्षं मिळाली!’ सोबत गणितात सुधारणा दाखवण्याच्या अटींची लांबलचक यादी. त्या मुलीचा भाऊ नववी तिथेच करणार.

मला मात्र दुसराच फोन करायचा होता. माझ्या त्या बाकावरच्या मैत्रिणीचा नंबर शोधायलाच दोन दिवस लागले. गेल्या दहा वर्षांत मी तिला एकदाही फोन केला नव्हता, यातच काय ते आलं. ती सध्या एका कंपनीत अकाउंट्स बघते. बारावी झाली, मग नोकरी करत यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून बी.कॉम. केलं. एप्रिलमध्ये तिचंही अप्रेझल असतं आणि तीही वैतागते.

मी चाचरतच १७ नंबर फॉर्मचा विषय काढला. ती हसली. म्हणाली, ‘‘अगं, दहावीला मला चौसष्ट टक्के पडले होते. आई म्हणाली, बाईंना पेढे देऊन ये. गेले तर ऑफिसमधले म्हणाले, इथे तुझं नाव नाही. पेढे परत घेऊन आले.’’

मी काय बोलणार? त्या शाळेच्या शंभर टक्क्यांत आजही तिचे चौसष्ट नाहीत. खरं तर मोजले असते तरी शाळेचं काही बिघडलं नसतं. ती पासच झाली होती.

पुढच्या जूनमध्ये तुमच्या रस्त्यावर फ्लेक्स लागेल. हसऱ्या मुलांचे फोटो आणि मोठ्ठा शंभर. अभिनंदन जरूर करा. पण जमलं तर गेटवर थांबून एकदा विचारा, कितीपैकी?